आतला कापूस

लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी मला दागिना दिला नाही, की घरच्या रीतीभाती सांगितल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांचा गलका चालू होता. त्यांनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, पलंगावरच्या गादीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ही मी शिवलीय. जरा पडून बघ."

मी लाजत पलंगाच्या काठावर टेकले.

"टेकायचं नाही, पडायचं."

म्हणून पडले. डोळे उघडले तेव्हा फरशीवरचं ऊन भिंतीवर चढलं होतं, गलका थांबला होता आणि कुणीतरी माझ्या अंगावर पातळशी चादर घातली होती. नवरी झोपलीय म्हणून सासूबाईंनी सगळ्या पाहुण्यांना चपला हातात घेऊन जिना उतरायला लावलं होतं. माझा नवरा अजूनही चिडवतो, "लग्नाच्या दिवशीच माझी बायको मला सोडून आईच्या कापसात पळून गेली."

त्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणायला लागले. म्हणायचं ठरवावं लागलं नाही.

आई गाद्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, वर धुरकट काचेची तावदानं. एका टोकाला कापूस पिंजायचं यंत्र, मधे खोळी भरायचे ओटे आणि दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या खिडकीखाली, आईंची जागा. भरलेली गादी त्यांच्यापुढे यायची ती एका बाजूने उघडी असायची. ते उघडं तोंड दाभणाने शिवून बंद करायचं, हे त्यांचं काम. एकदा ते तोंड शिवलं की आत काय आहे, हे जन्मात कुणाला दिसणार नाही.

मी जेवणाचा डबा घेऊन जायची तेव्हा दारातच थांबायची. त्या शेडमधे जमीन आणि आकाश असं वेगळं काही नसायचं. कापसाचे तंतू खालीही आणि वरही. तावदानातून उतरलेल्या उन्हात ते इतके सावकाश फिरायचे, की बघता बघता आपलेही हातपाय हलके वाटायला लागायचे. यंत्राचा घुंघुं आवाज कानात भरून राहायचा आणि त्याच्या पलीकडे, खिडकीखाली, केस पांढरे की कापसाने पांढरे झालेले हे कळू नये अशा आई, पाण्याखाली बसल्यासारख्या दिसायच्या.

तोंड शिवायच्या आधी त्या एक गोष्ट करायच्या. उजवा हात कोपरापर्यंत गादीच्या आत घालायच्या, तळवा कापसावर सपाट ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. ओठ जरासे हलायचे. मग हात बाहेर, दाभण आत.

यंत्रावर बसणाऱ्या माणसाला सगळे पिंजणकाका म्हणायचे. आईंचा आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा थट्टेचा खाक्या होता. काका तिकडून ओरडायचे, "लागला का फोन वरती?"

"लागला. तुमचीच चौकशी चाललीय. म्हणतात, हा माणूस काम कमी आणि बडबड फार करतो."

आम्ही ख्रिस्ती. आईंची श्रद्धा मात्र बोलकी नव्हती. कुणाला दोन शब्द सुनवावेत, वचनं तोंडावर फेकावीत, असं त्यांनी कधी केलं नाही. उलट रविवारी चर्चमध्ये उपासनेला बसल्या की प्रवचन सुरू व्हायच्या आतच त्यांची मान कलायची. मला अवघडल्यासारखं व्हायचं. मी कोपराने ढोसायची. एकदा पाळकांनीच मला थांबवलं. म्हणाले, "राहू दे गं. माझ्या प्रवचनाचा कुणाला तरी उपयोग होतोय." आणि आई घरी येताना शांतपणे म्हणाल्या, "बापाच्या घरात नाही झोप लागणार तर कुठे लागणार?"

एकदा मी विचारलं, गादीत हात घालून तुम्ही मागता तरी काय?

"काही मोठं नाही. हिच्यावर जो कुणी झोपेल त्याला प्रभूने सांभाळावं. दमलेला असेल तर दमणूक जावी. रडत झोपला तर हसत उठावा." मग म्हणाल्या, "माणूस जागा असताना स्वतःची काळजी घेतो. झोपल्यावर कोण घेतं? म्हणून."

हे सगळं ज्यांच्या छपराखाली चालायचं ते मालक वाईट नव्हते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. सासरे वारले तेव्हा माझा नवरा नुकता पाऊल टाकायला लागला होता. त्या लेकराला कडेवर घेऊन आई कामासाठी दारोदार फिरत होत्या. सगळीकडे एकच प्रश्न, मुलाचं काय करणार? मालकांनी तो विचारला नाही. पोराला उचलून कापसाच्या ढिगावर ठेवलं आणि म्हणाले, "हा इथे लोळेल, तुम्ही तिथे शिवा." तो लोळत लोळतच मोठा झाला. मालकांनीच त्याला गाडी चालवायला शिकवलं आणि गाद्या पोचवायच्या टेम्पोवर ठेवलं. म्हणजे आमच्या घरात जी चूल पेटायची, ती दोन्ही बाजूंनी त्याच शेडमधून.

मी पोटुशी असताना मालक घरी पेढ्यांऐवजी खोळीचं मऊ कापड घेऊन आले होते. "बाळाची पहिली गादी माझ्याकडून," म्हणाले. आईंनी ते कापड कपाटात जपून ठेवलं.

त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, फोमच्या गाद्यांनी बाजार भरून गेला. कापसाच्या गादीला कोण विचारतो अशी वेळ आली. शेडमधलं यंत्र दुपारनंतर बंद राहायला लागलं. मालक दारात उभे राहून रस्त्याकडे बघत बसायचे. आणि मग अचानक एक मोठं काम आलं. गावाच्या पलीकडच्या टोकाला आईबाप नसलेल्या मुलींचं एक वसतिगृह होतं. त्यांना सगळ्या मुलींसाठी नव्या गाद्या हव्या होत्या. शेडमध्ये सगळ्यांचे चेहरे उजळले. पिंजणकाकांनी यंत्राला तेल दिलं.

त्याच आठवड्यात एक ट्रक मागच्या दाराने आत आला.

त्या दिवसाबद्दल आईंनी मला पुढे अनेकदा सांगितलं, पण प्रत्येक वेळी स्वप्न सांगावं तसं, अर्धवट आणि सावकाश. गादी समोर आली. नवी कोरी खोळ, निळ्या रेघांची. सवयीप्रमाणे हात आत गेला. आणि हाताला गार लागलं.

चांगला पिंजलेला कापूस हाताला ऊब देतो. हा गार होता, जड होता आणि मधे मधे गाठी होत्या. अत्तरासारखं काहीतरी शिंपडलं होतं, पण त्याच्याखाली दुसरा एक वास होता, औषधाचा आणि आणखी कशाचा तरी. आईंनी बोटं चालवली. बोटांना टोचलं. बाहेर काढलं तर केसांची एक पिन. तिच्यात अजून दोनचार लांब केस गुंतलेले.

त्यांनी पिंजणकाकांकडे बघितलं. काकांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही. यंत्राकडे तोंड फिरवलं.

बंद पडलेल्या कुठल्याशा इस्पितळाच्या जुन्या गाद्या होत्या त्या. मालकांनी उचलून आणल्या होत्या, फाडून पिंजून घेतल्या होत्या आणि नव्या खोळीत भरल्या होत्या.

"मग काय केलंत?" मी विचारलं होतं.

"शिवली," आई म्हणाल्या. "मालकांकडे बघितलं, ते दारात उभे होते. वाटलं, या माणसाने माझ्या लेकराला कापसावर ठेवलं होतं. डोळे खाली घातले आणि शिवली. मग दुसरी आली. तीही शिवली. संध्याकाळपर्यंत शिवत राहिले. पण हात आत घातला की प्रार्थना येईना. शब्दच येईनात. काय म्हणू? जी झोपेल तिला सांभाळ? आणि आत हे भरून मीच तोंड बंद करतेय?"

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या. केसांतला कापूससुद्धा झटकला नाही. माझा नवरा शेवटची खेप वसतिगृहात टाकून नंतर आला, खुशीत होता. जेवायला बसलो तेव्हा आईंनी ती पिन ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "मग आता?"

"उद्या मालकांना सांगते, यापुढे शिवणार नाही. आणि आजच्या ज्या गेल्यात त्या जाऊन उसवते."

"उसवते? आई, तू शुद्धीवर आहेस ना?"

"आज सकाळपासून नव्हते. आता आलेय."

तो ताडकन उठला. "मालकांचं मीठ खाल्लंय आपण! मी कुणाच्या जिवावर मोठा झालो? आणि हिचे दिवस भरत आलेत, तुला दिसत नाही? तुझ्या देवाला आमच्या पोटाचं काही आहे की नाही?"

आईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, पण माघारही नव्हती. "आहे रे. पण त्या पोरींच्याही पाठीचं आहे. मला काय करायचंय ते कळलंय. पुढचं नाही कळलेलं. मलाही भीती वाटतेय, मी काय दगड आहे का?"

आईंना भीती वाटते, हे आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच ऐकलं. नवरा पुन्हा बसला, पण जेवला नाही.

सकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले. नवरा टेम्पो काढायला तयार नव्हता आणि आईंना एकटीला पाठवणं शक्य नव्हतं; बसमधे डोळा लागला असता आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं असतं. माझं पोट पुढे, आईंच्या पिशवीत दाभण आणि कात्री. आमची ती वरात आधी कारखान्यात गेली.

मालक चहा पीत होते. आईंनी पदर सावरला आणि उभ्यानेच सांगितलं, "मालक, या कापसाच्या गादीचं तोंड मी शिवणार नाही. आणि काल शिवलेल्या उसवायला चाललेय. तुमच्या मागून जाऊन सांगणं बरं नाही, म्हणून आधी तुमच्याकडे आले."

मालकांनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, मला आवडतंय हे? हे काम गेलं तर शेड बंद. ही सगळी माणसं कुठे जातील? तुमचा मुलगा कुठे जाईल? तुम्ही फक्त शिवा. पाप लागलं तर मला लागेल, तुम्हाला नाही."

"शिवतो तो माझा हात असतो, मालक."

"आतलं कोण बघायला येतंय?"

"कुणी येत नाही म्हणूनच तर." आई खाली बसल्या, त्यांच्या समोर, बरोबरीने. "तुम्ही तिथे खरं सांगा ना. म्हणा, नवा कापूस पुरत नाही, गाद्या कमी देतो, वेळ द्या. मी येते तुमच्याबरोबर. दोघं मिळून सांगू."

मालकांनी कप ठेवला. मला वाटतं, क्षणभर ते हो म्हणणार होते. पण मागे पिंजणकाका उभे होते, त्यांच्यामागे खोळी भरणाऱ्या बायका, आणि सगळ्यांचे डोळे मालकांवर लागले होते. ते म्हणाले, "जायचं तर जा. पण मग इकडे परत येऊ नका."

"बरं," आई म्हणाल्या.  आम्ही बाहेर पडलो.

बसमधे त्या झोपल्या नाहीत. हे मला आठवतं, कारण तेवढी एकच वेळ.

वसतिगृहाच्या बाई उंच, करड्या आवाजाच्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. आईंनी सगळं सांगितलं, काही न वगळता, आपण दिवसभर शिवत राहिलो तेही. मला वाटलं होतं, बाई आभार मानतील. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्हणजे आता मी काय करू? जुन्या गाद्या काल जाळून टाकल्या आम्ही. पोरींना काय अंथरू?"

आईंनी पिशवीतून कात्री काढली. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही हो, बाई. पण यांच्यावर झोपवू नका."

बाई कडक होत्या, पण होत्या न्यायाच्या. गाद्या अंगणात काढायला लावल्या. मुली धावत आल्या, लहान, मोठ्या, दोन वेण्यांच्या, बॉबकटच्या. आईंनी पहिला टाका कापला. आपलीच शिवण त्या इतक्या जपून उसवत होत्या, जणू जखमेवरची पट्टी सोडवतायत. आतला कापूस बाहेर आला, पिवळट, गठ्ठ्यागठ्ठ्यांचा. बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि आत फोन करायला गेल्या.

वाऱ्याची एक झुळूक आली. गाठींतून सुटलेले तंतू वर उठले, अंगणभर झाले. लहान मुलींना ते काय आहे ते कुठे ठाऊक? त्या हात पसरून गोल गोल फिरायला लागल्या आणि मोठ्या मुली त्यांना ओढून मागे नेत होत्या. वरून ऊन पडत होतं. त्या ओंगळ कापसालाही उन्हाने क्षणभर सोनेरी करून सोडलं. आई अंगणाच्या मधोमध कात्री घेऊन उभ्या, डोळे भरलेले. एक मुलगी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "त्या आजी का रडतायत? आम्हाला चालेल ना जमिनीवर. गार वाटतं."

त्या मुली पुढे बरेच दिवस खरंच सतरंजीवर झोपल्या. आईंच्या मनाला ते फार लागलं. आपल्या गादीवर झोपायच्या आधी त्या पलंगाशी उभ्या राहायच्या, मग खाली चटई टाकून तिच्यावर आडव्या व्हायच्या. मी एकदा म्हटलं, त्याने त्या मुलींना काय फायदा? "काही नाही," म्हणाल्या. "पण वर झोपवत नाही मला."

पुढे जे व्हायचं ते झालं. वसतिगृहाचं काम गेलं. बातमी पसरली तशी इतर कामंही गेली, आणि शेडला कुलूप लागलं. रस्त्यात भेटणारे कारखान्यातले लोक मान वळवून जायला लागले. पिंजणकाका तर एकदा समोरून आले, आईंनी हाक मारली, तर रस्ता ओलांडून पलीकडे गेले. आई तिथेच उभ्या राहिल्या, हातातली भाजीची पिशवी घट्ट धरून. मला म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. घरात बसलेत बिचारे. मी त्यांच्या जागी असते तर मीही वळले असते."

माझा नवरा आईशी बोलेना. बोलला तर मला मधे घालून. "आईला विचार, चहा हवाय का." आई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "त्याला सांग, अर्धा कप." एका खोलीत तिघं, आणि मी टेलिफोनची तार. मला हसूही यायचं आणि रडूही. शेवटी त्याला एका शाळेची गाडी चालवायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी संध्याकाळी आला तो कपाळाला हात लावूनच. "गाद्या बऱ्या होत्या," तो म्हणाला, "त्या मागे बसून गाणी तरी म्हणत नव्हत्या." आई हसल्या. तोही हसला. त्यानंतर तार लागली नाही.

आईंनी घरीच काम सुरू केलं. लोक आपल्या जुन्या, दबलेल्या गाद्या आणायचे. आई त्या उसवायच्या, कापूस गच्चीवर वाळवायच्या, हातांनी मोकळा करायच्या आणि ज्याचा त्याला पुन्हा भरून द्यायच्या. माझं बाळ आलं, मुलगी. मालकांनी दिलेलं ते मऊ कापड आईंनी कपाटातून काढलं. मला वाटलं होतं, त्या ते परत पाठवतील. पण नाही. आपल्याच गादीतला थोडा कापूस काढून त्यांनी त्यात भरला. "जुना आहे हं," त्यांनी बाळाला सांगितलं, अगदी गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "पण माझा आहे आणि उन्हात वाळवलेला आहे. चालेल?" बाळाने जांभई दिली. व्यवहार ठरला.

मालकांबद्दल त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव मात्र रोज घ्यायच्या. माझा नवरा एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचा.

मुलगी रांगायला लागली होती त्या सुमाराची एक दुपार. दारात मालक उभे. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. काखेत एक गुंडाळलेली गादी.

"ही माझीच आहे," ते म्हणाले. "काहीतरी टोचतं हिच्यात. बघता का?"

 आईंनी गादी पसरली, टाके कापले, हात आत घातला. सगळीकडून चाचपून बघितलं. कापूस चांगला होता, कुठे काही टोचण्यासारखं नव्हतं. त्यांनी मालकांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं असावं.

"किती दिवस झोप नाही?"

"मोजले नाहीत," मालक म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

आईंनी कापूस बाहेर काढला आणि खिडकीपाशी बसून मोकळा करायला लागल्या.  मुलगी दोघांच्या मधे रांगत होती, कापसाचा पुंजका हातात धरून, तो हलका आहे याचंच तिला नवल. खोलीत ऊन होतं. तंतू वर चढत होते, खाली येत होते. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले तेव्हा आईंनी ओठांवर बोट ठेवलं. मालक त्या मोकळ्या कापसाच्या ढिगावर डोकं टेकून झोपले होते. तोंड उघडं, एक हात पसरलेला. आईंचा तळवा त्यांच्या डोक्याशेजारी कापसावर सपाट टेकलेला होता, आणि ओठ हलत होते.

मी चहा परत नेला. शेजारची मुलं जिन्यावर दणदण करत आली तर आईंनी त्यांना खिडकीतूनच असे डोळे वटारले, की ती चवड्यांवर चालत गेली.

मालक उठले तेव्हा दिवेलागण होत आली होती. कुठे आहोत हेच त्यांना बराच वेळ कळेना. मग भानावर आले. चेहरा पुसला आणि एकदम म्हणाले, "त्या मुलींना गाद्या पाठवल्या मी. नव्या कापसाच्या. सगळ्यांच्या एकदम नाही झाल्या, जसजशा होतील तसतशा. परवा शेवटची गेली."

आईंनी विचारलं, "तोंडं कुणी शिवली?"

"मीच."

"तुम्ही?"

"वाकडीतिकडी झालीत," मालक म्हणाले. "वसतिगृहाच्या बाईंनी प्रत्येक गादीत हात घालून बघितलं, मग शिवू दिलं. तिथेच, त्यांच्यासमोर. बोटांची चाळण झालीय." आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, लहान मुलाने दाखवावेत तसे. आई आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसल्या.

"परत याल का?" मालकांनी जिन्यात विचारलं.

 आई चार दिवसांनी गेल्या. गेल्या तेव्हा एक अट घालून गेल्या. गादीचं तोंड उघडं ठेवायचं, ज्याची गादी त्याने येऊन आत हात घालून बघायचं, मगच शिवायचं. अडाणीपणा आहे, असं एकदोघं म्हणाले. पण लोकांना ते आवडलं. मुलांना घेऊन यायचे, मुलं खांद्यापर्यंत हात आत घालून खिदळायची. कारखाना मोठा झाला नाही, पूर्वीइतकाही झाला नाही. भागलं. माझा नवरा काही टेम्पोवर परत गेला नाही. गाणी म्हणणाऱ्या पोरांची त्याला सवय झाली होती. पिंजणकाका मात्र यंत्रावर बसले तरी फार दिवस आईंशी बोलले नाहीत. कामापुरतं हो, नाही. आई रोज त्यांच्यासाठी डब्यात थोडं जास्त न्यायच्या, रोज ते तसंच परत यायचं, आणि रोज त्या पुन्हा न्यायच्या. एके दिवशी डबा रिकामा आला. तेवढंच. 

आता आईंची बोटं वाकली आहेत, दाभण धरवत नाही. घरी असतात. परवा सकाळी मटार सोलत बसल्या होत्या, मी शेजारी. मधेच म्हणाल्या, "पहाटे एक स्वप्न पडलं बघ."

"काय पडलं?"

"एक खूप मोठी खोली होती. टोक दिसत नव्हतं. आणि सगळे झोपलेले. ओळीने नाही, कसेही, जिथे जागा मिळेल तिथे. तुझे सासरे होते. मालक होते. त्या इस्पितळातली ती बाई होती, पिनेवाली. मी तिला कधी बघितलं नाही, पण ओळखलं." त्यांनी एक शेंग फोडली. "आणि एकजण हळूहळू फिरत होता, कुणाचं पांघरूण सरकलं असेल ते नीट करत. मी म्हटलं, मीही करू लागते. तर म्हणाला, तू किती शिवलंस, आता पड. मी म्हटलं, सगळं चांगलं नाही शिवलं, काही उसवावं लागलं. म्हणाला, ठाऊक आहे. आणि माझ्या खांद्यापर्यंत चादर ओढली. तेव्हा त्याचे हात दिसले मला. तळव्यांना खिळ्यांचे जुने वण होते."

मला पुढचं विचारायचं होतं. पण स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा आवाज झाला आणि आई माझ्याआधी उठल्या. "अगं, गॅस! स्वप्नं ऐकत बसलीस," असं मलाच रागावत त्या आत गेल्या, आणि मटाराचे दाणे त्यांच्या मांडीवरून टपटपत सगळ्या खोलीभर झाले.